संप्रेरकाची वाट अडविणारी गोळी

रायपूरच्या मध्यवस्तीतील गोल बाजार ही जुनी पेठ आहे. पूजेचे साहित्य, हळदकुंकू, लग्नसराईच्या वस्तू, मसाले आणि वनौषधी यांच्या खरेदीसाठी शहरातील व आसपासच्या खेड्यांतील माणसे येथे येतात. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून छत्तीसगडात स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही या ग्राहकांत असतात. पेठेपासून थोड्याच अंतरावर डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय असून, राज्यातील कर्करोग-उपचाराचे एक प्रमुख केंद्र तेथे आहे. बाजारात मुळ्या, साली आणि चूर्णे विकत घेणारी स्त्री व रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रांगेत बसलेली स्त्री एकच असू शकते. म्हणून या दोन ठिकाणांतील अंतर ज्ञानाने भरून काढणे अगत्याचे आहे.

स्तनाचा कर्करोग हाडांत, फुप्फुसांत किंवा यकृतात पसरला असे निदान झाल्यावर डॉक्टर पुष्कळदा एक लहानशी गोळी लिहून देतात. ती रोज घ्यावयाची असते. तिने केस गळत नाहीत, शिरेत सुई टोचावी लागत नाही, रुग्णालयात राहावे लागत नाही. नेमके हेच पाहून घरच्या मंडळींच्या मनात शंका उभी राहते. एवढ्या मोठ्या रोगाला एवढीशी गोळी काय पुरणार? डॉक्टरांनी आशा सोडली म्हणूनच ही गोळी दिली नसेल ना? याच्या उलट, काही महिन्यांत दुखणे थांबले की, ‘आता बरे वाटते, मग गोळी कशाला?’ असे वाटू लागते. हे दोन्ही समज घातक आहेत. ते दूर करावयाचे तर ही गोळी शरीरात कोणते काम करते हे पाहिले पाहिजे.

संदेश आणि त्याचा स्वीकार

आपल्या शरीरातील काही ग्रंथी अत्यल्प प्रमाणात रासायनिक द्रव्ये तयार करून ती रक्तात सोडतात. या द्रव्यांना संप्रेरके किंवा हॉर्मोने म्हणतात. स्त्रीच्या बीजांडकोशात तयार होणारे ईस्ट्रोजेन हे असेच एक संप्रेरक आहे. मुलगी वयात येताना तिच्या शरीरात जे बदल होतात, त्यांतील बरेचसे ईस्ट्रोजेनमुळे होतात. स्तनातील दूधवाहिन्यांची वाढ हे त्यांपैकीच एक होय.

रक्त सर्व शरीरात फिरते. म्हणून ईस्ट्रोजेनही सर्वत्र पोहोचते. तथापि प्रत्येक पेशी त्याला प्रतिसाद देत नाही. ज्या पेशीत त्याला धरून ठेवणारे विशिष्ट प्रथिन असते, तीच पेशी प्रतिसाद देते. या प्रथिनाला ग्राही म्हणतात.

हा व्यवहार पंगतीच्या दृष्टांताने समजून घेता येईल. ग्राही म्हणजे पंगतीत मांडलेला पाट आणि ईस्ट्रोजेन म्हणजे निमंत्रित पाहुणा. पाहुणा पाटावर बसला की वाढप सुरू होते. पेशीच्या बाबतीत वाढप सुरू होणे म्हणजे पेशीने विभागून आपली संख्या वाढविणे. निरोगी स्तनात हे काम मर्यादेत चालते. कर्करोगाच्या पेशींना ही मर्यादा राहत नाही. परंतु त्यांतील पुष्कळ पेशी पाहुणा येण्याची वाट मात्र अजूनही पाहतात. त्याच्यावाचून त्यांची वाढ मंदावते. या परावलंबनातच उपचाराची संधी आहे.

ग्लासगो येथील एक प्रयोग

ही संधी प्रथम ओळखणाऱ्यांत स्कॉटलंडमधील शल्यवैद्य जॉर्ज बीटसन यांचे नाव घेतले जाते. गायीचे बीजांडकोश काढले असता ती अधिक काळ दूध देते, अशी पशुपालकांची एक समजूत त्यांच्या कानी आली होती. बीजांडकोश आणि स्तन हे अवयव परस्परांपासून दूर असले, तरी त्यांच्यात काही नाते असले पाहिजे, असा तर्क त्यांनी त्यावरून बांधला. १८९५ साली ग्लासगो येथे, स्तनाचा कर्करोग पसरलेल्या एका तरुण स्त्रीचे बीजांडकोश त्यांनी शस्त्रक्रियेने काढले. काही महिन्यांत तिच्या गाठी विरत गेल्या. रोग कायमचा गेला नाही. काही वर्षांनी तो परतला व त्यातच तिचा अंत झाला. परंतु स्तनाला हातही न लावता तेथील रोग मागे हटविता येतो, हे सिद्ध झाले. बीटसन यांनी हा अनुभव १८९६ साली प्रसिद्ध केला. त्या वेळी संप्रेरक हा शब्दही प्रचारात आलेला नव्हता.

पुढे इतर शल्यवैद्यांनीही ही शस्त्रक्रिया करून पाहिली. सुमारे एकतृतीयांश स्त्रियांना गुण येई, उरलेल्यांना येत नसे. कोणाला गुण येईल हे आधी सांगता येत नव्हते. त्यामुळे अनेक स्त्रियांना लाभाशिवाय शस्त्रक्रियेचा त्रास सोसावा लागे. या कोड्याचा उलगडा होण्यास साठ वर्षांहून अधिक काळ लागला. अमेरिकेतील शिकागो विद्यापीठात एल्वुड जेन्सन यांनी १९५० नंतरच्या दशकात किरणोत्सर्गी हायड्रोजनची खूण केलेले ईस्ट्रोजेन वापरून ते शरीरात कोठे जाते याचा माग काढला. काही अवयव ते धरून ठेवतात आणि इतर सोडून देतात, असे त्यांना आढळले. धरून ठेवणारे द्रव्य म्हणजेच ग्राही. ज्या गाठीत ग्राही असतात, त्यांतील सुमारे निम्म्या गाठी संप्रेरक-उपचाराला प्रतिसाद देतात. ज्यांत ते नसतात, त्यांत दहापैकी एकही गाठ क्वचितच प्रतिसाद देते, असे पुढील संशोधनात दिसून आले.

फसलेल्या औषधाचे भाग्य

आता पाहुण्याला अडविणाऱ्या गोळीकडे वळू. इंग्लंडमधील इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या प्रयोगशाळेत गर्भनिरोधक औषधाचा शोध चालू होता. तेथील रसायनशास्त्रज्ञ डोरा रिचर्डसन यांनी १९६२ साली एक संयुग तयार केले. उंदरांच्या माद्यांमध्ये त्याने गर्भधारणा टळत असे. स्त्रियांमध्ये मात्र उलटाच परिणाम दिसला: त्याने बीजांड बाहेर पडण्यास चालनाच मिळे! गर्भनिरोधक म्हणून ते औषध निकामी ठरले. तथापि ते ईस्ट्रोजेनला विरोध करते, हा गुण त्याच गटाचे आर्थर वॉलपोल यांच्या लक्षात होता, आणि स्तनाच्या कर्करोगात ते वापरून पाहावे असा आग्रह त्यांनी धरला. मँचेस्टर येथील ख्रिस्टी रुग्णालयात मेरी कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पसरलेला कर्करोग असलेल्या ४६ स्त्रियांना ते दिले. १० जणींमध्ये रोग मागे हटला. १९७१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ब्रिटनमध्ये १९७३ साली व अमेरिकेत १९७७ साली या औषधाला मान्यता मिळाली. तेच आजचे टॅमॉक्सिफेन होय.

पंगतीच्या भाषेत सांगावयाचे तर टॅमॉक्सिफेन हा पाट अडवून बसणारा आगंतुक आहे. तो ग्राहीवर बसतो, पण वाढप सुरू होऊ देत नाही. आणि पाट रिकामा नसल्याने खरा पाहुणा ताटकळत उभा राहतो. कर्करोगाच्या पेशीला वाढीचा संदेश मिळत नाही. तिची वाढ थांबते आणि कालांतराने अनेक पेशी मरून जातात. हा आगंतुक उठून गेला की पाहुणा पुन्हा पाटावर बसणार, हे उघड आहे. गोळी रोज का घ्यावी लागते आणि बरे वाटले तरी ती का थांबवू नये, याचे कारण हेच.

आपल्या देशातही याच घराण्यातील एक औषध शोधण्यात आले. लखनौ येथील केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेले सेंटक्रोमन १९९१ साली ‘सहेली’ या नावाने गर्भनिरोधक म्हणून बाजारात आले. शासनाच्या कुटुंब-नियोजन कार्यक्रमात २०१६ पासून ‘छाया’ या नावाने जी गोळी दिली जाते, ती हीच. पसरलेल्या स्तन-कर्करोगातही ते लखनौ येथे वापरून पाहण्यात आले व त्याचे निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाले. विलायतेतील औषध गर्भनिरोधक म्हणून फसले आणि कर्करोगात यशस्वी झाले. भारतीय औषधाची मुख्य कीर्ती मात्र गर्भनिरोधक म्हणूनच झाली. दोहोंचे मूळ कार्य एकच आहे: ईस्ट्रोजेनच्या पाटावर बसणे. अर्थात कर्करोगाच्या उपचारात एकाच्या जागी दुसरे आपल्या मनाने घेणे सर्वस्वी अयोग्य होय.

पाहुणाच येऊ न देणे, पाटच उचलणे

रजोनिवृत्तीनंतर बीजांडकोशांचे काम थांबते. तरी शरीरातील ईस्ट्रोजेन पूर्णपणे नाहीसे होत नाही. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून येणाऱ्या द्रव्यांचे रूपांतर होऊन ते मेदात व इतर काही ऊतकांत थोडे थोडे तयार होत राहते. हे रूपांतर घडविणाऱ्या विकराचे नाव ॲरोमॅटेज. लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन या गोळ्या त्या विकराला थोपवितात. येथे पाट अडविला जात नाही. पाहुण्याचे येणेच बंद होते. परंतु ज्या स्त्रीचे बीजांडकोश अजून काम करीत आहेत, तिला केवळ या गोळ्या पुरत नाहीत. बीजांडकोशांचे काम इंजेक्शनाने किंवा शस्त्रक्रियेने थांबवून मगच त्या द्याव्या लागतात.

तिसरा उपाय म्हणजे पाटच उचलून टाकणे. फुल्व्हेस्ट्रंट हे औषध ग्राहीला चिकटून त्याचा नाश घडविते. पण ते स्नायूंत टोचावे लागते. हेच काम तोंडाने घेण्याच्या गोळीने व्हावे म्हणून अनेक वर्षे प्रयत्न चालले होते. २०२३ च्या जानेवारीत अमेरिकेत एलासेस्ट्रंट या गोळीला मान्यता मिळाली व तो हेतू प्रथमच साध्य झाला.

या नव्या गोळीची गरज का भासली? कर्करोगाच्या पेशी फार काळ उपाशी ठेवल्या की त्यांतील काही पेशी नवा मार्ग शोधतात. ग्राही बनविण्याची सूचना ज्या जनुकात असते, त्याच जनुकात बदल होतो. मग पाहुणा आला नसतानाही पाट आपणच वाढप मागू लागतो. अशा वेळी पाहुण्याला रोखून काय उपयोग? तेथे पाटच हलविला पाहिजे. म्हणूनच ही गोळी सरसकट सर्वांना नसून, आधी संप्रेरक-उपचार घेतलेल्या आणि तपासणीत असा बदल आढळलेल्या रुग्णांसाठी आहे. औषध नवे आहे म्हणून ते प्रत्येकीसाठी अधिक चांगले, असे समजू नये.

आज पुष्कळ रुग्णांना संप्रेरकविरोधी गोळीच्या जोडीला पेशी-विभाजनाची यंत्रणा रोखणारी दुसरी गोळीही देतात. पाल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिब ही त्यांची नावे. या जोडीने रोग अधिक काळ आटोक्यात राहतो; मात्र या औषधांना रक्ताची वरचेवर तपासणी करावी लागते.

शस्त्रक्रियेऐवजी गोळी का?

‘मूळ गाठ कापून टाकली की रोग संपेल’ हा समज सर्वत्र आढळतो. रोग स्तनापुरता मर्यादित असताना शस्त्रक्रियेचे महत्त्व वादातीत आहे. परंतु तो पसरल्यावर काय? याचे उत्तर मुंबईतच शोधले गेले. १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. राजेंद्र बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ ते २०१३ या काळात, निदानाच्या वेळीच रोग पसरलेल्या ३५० स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्या स्त्रियांच्या स्तनातील गाठीवर व काखेतील ग्रंथींवर शस्त्रक्रियेसह स्थानिक उपचार केले, उरलेल्यांवर केले नाहीत. कोणी कोणत्या गटात जावयाचे हे चिठ्ठ्या टाकाव्या तसे यदृच्छया ठरविले होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांतील स्त्रियांच्या आयुर्मर्यादेत लाभदायक फरक पडला नाही.

याचा अर्थ स्पष्ट आहे. रोग सर्व शरीरात पोहोचला असता औषधही सर्व शरीरात पोहोचणारे हवे. पोटात गेलेली गोळी रक्तातून हाडांपर्यंत जाते. शस्त्र तेथवर जाऊ शकत नाही. तेव्हा गोळी देणे म्हणजे आशा सोडणे नव्हे. यकृत किंवा फुप्फुसे झपाट्याने निकामी होऊ लागली असतील, तर मात्र डॉक्टर आधी जलद परिणाम करणारी रसायन-चिकित्सा निवडतात.

या गोळ्यांकडून काय अपेक्षा ठेवावी, हेही सरळ सांगितले पाहिजे. पसरलेला कर्करोग त्या समूळ नाहीसा करीत नाहीत. त्या त्याला महिनोन् महिने, काही स्त्रियांमध्ये वर्षानुवर्षे, आवरून धरतात. दुखणे कमी होते, स्त्री आपल्या घरात आणि कामात वावरू शकते. एक गोळी निष्प्रभ झाली की पुष्कळदा दुसरी उपयोगी पडते. रोग पसरलेला नसताना शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या गोळीचे फळ याहून मोठे असते. ग्राही असलेल्या रुग्णांनी पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्यास पुढील पंधरा वर्षांतील या रोगाचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटतात, असे जगभरच्या अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसून आले आहे.

गोळी घेताना

टॅमॉक्सिफेनची नेहमीची मात्रा दिवसाला २० मिलिग्रॅम असते. परिणाम दिसण्यास काही आठवडे ते काही महिने लागतात. हाडांत रोग असलेल्या काही स्त्रियांचे दुखणे पहिल्या काही आठवड्यांत उलट वाढते. अशा वेळी ‘गोळी मानवली नाही’ असे ठरवून ती थांबवू नये, डॉक्टरांना कळवावे. अतिशय तहान, उलट्या, बद्धकोष्ठ आणि गुंगी ही लक्षणे एकत्र दिसल्यास रक्तातील कॅल्शियम वाढल्याची शक्यता असते. तेव्हा तातडीने रुग्णालय गाठावे.

अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे वाटणे हा या औषधाचा नेहमीचा त्रास आहे. गंमत अशी की हेच औषध स्तनात ईस्ट्रोजेनला विरोध करते, पण गर्भाशयात काही अंशी ईस्ट्रोजेनसारखेच वागते. त्यामुळे गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो. रजोनिवृत्तीनंतर पुन्हा रक्तस्राव दिसला तर तो लपवू नये. एका पायाची पोटरी सुजून दुखू लागणे किंवा एकाएकी धाप लागणे ही रक्ताची गुठळी झाल्याची लक्षणे असू शकतात व त्यांत विलंब चालत नाही. गरोदरपणी हे औषध घेता येत नाही. ॲरोमॅटेज रोखणाऱ्या गोळ्यांनी सांधे दुखतात व हाडे विरळ होतात. म्हणून त्यांच्या काळात हाडांची तपासणी करतात.

आता वनौषधींचा प्रश्न. टॅमॉक्सिफेन पोटात गेल्यावर यकृतातील विकर त्यापासून एंडॉक्सिफेन हे अधिक प्रभावी द्रव्य तयार करतात. खरे काम बरेचसे तेच करते. या विकरांच्या कामात अडथळा आणणारे कोणतेही द्रव्य गोळीची शक्ती कमी करू शकते. नेदरलँड्समध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात, हळदीचा अर्क मोठ्या मात्रेत दिला असता रक्तातील एंडॉक्सिफेन कमी झाले. त्यात मिऱ्यातील पायपरीन मिसळले तेव्हा घट सुमारे १२ टक्के होती. भाजीवरणातली चिमूटभर हळद आणि डबीतला तीव्र अर्क यांत मोठा फरक आहे. स्वयंपाकातील हळदीची भीती बाळगण्याचे कारण नाही. परंतु बाजारातून आणलेले चूर्ण, काढा किंवा अर्क घेत असल्यास ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. मनाची उदासी घालविणारी काही औषधेही, उदाहरणार्थ पॅरॉक्सेटीन, याच विकराला अडवितात. रागावतील या भीतीने डॉक्टरांपासून ही माहिती लपविणे आपल्याच हिताच्या विरुद्ध होय.

एक कागद जपून ठेवावा

गोळी उपयोगी पडेल की नाही हे ग्राहींच्या तपासणीवर अवलंबून असते. गाठीचा लहानसा तुकडा काढून त्याच्या पातळ चकतीवर विशिष्ट रंगप्रक्रिया करतात. ग्राही असलेल्या पेशींची केंद्रके सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी दिसतात. शंभरांत एक पेशी जरी अशी रंगली, तरी गाठीत ग्राही आहेत असे मानतात; मात्र रंगलेल्या पेशी फारच थोड्या असल्यास लाभाची शक्यता कमी असते. जगात स्तन-कर्करोगाच्या दहांपैकी सुमारे सात रुग्णांत ग्राही आढळतात. भारतीय रुग्णांत हे प्रमाण काहीसे कमी दिसते.

या तपासणीत एक साधी चूक मोठे नुकसान करू शकते. काढलेला तुकडा लगेच योग्य तीव्रतेच्या फॉर्मॅलिनमध्ये ठेवला पाहिजे. तो बराच वेळ उघडा राहिला तर ग्राही नष्ट होतात आणि असलेले ग्राही ‘नाहीत’ असे उत्तर येते. अशा चुकीच्या उत्तरामुळे स्वस्त व प्रभावी उपचार त्या स्त्रीच्या हातून निसटतो. आडगावी शस्त्रक्रिया करून नमुना रायपूरला, नागपूरला किंवा मुंबईला पाठविला जातो तेव्हा ही दक्षता विशेष हवी. शंका असल्यास तपासणी पुन्हा करून घेता येते.

भारतात २०२२ साली स्तन-कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. गाठ दुखत नाही म्हणून, किंवा संकोचाने, उशिरा येणाऱ्या स्त्रिया आपल्याकडे पुष्कळ आहेत. दुखत नसलेली गाठही दाखविली पाहिजे. हा रोग पुरुषांनाही होतो, जरी त्यांचे प्रमाण शंभरांत एकाच्या आसपास असले.

टॅमॉक्सिफेन राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे आणि कर्करोगावरील अनेक औषधांच्या मानाने ते स्वल्प किमतीत मिळते. त्याचा लाभ मिळण्यासाठी रुग्णाने व कुटुंबाने तीन गोष्टी कराव्यात. निदान होताच ग्राहींच्या तपासणीचा अहवाल मागून घ्यावा व तो जपून ठेवावा. गाव किंवा डॉक्टर बदलला तरी तो कागद उपचाराची दिशा दाखवील. गोळी रोज ठरलेल्या वेळी घ्यावी. एखादा दिवस चुकल्यास दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. आणि बरे वाटो वा त्रास होवो, डॉक्टरांशी बोलल्यावाचून ती बंद करू नये.